ऐतिहासिक सैनिकांची लघुशिल्पे: पहिल्या तारेपासून ओतीव नगापर्यंत

ऐतिहासिक सैनिकाची लघुमूर्ती तयार करताना शिल्पकाम आणि ओतकाम या दोन स्वतंत्र पायऱ्या मानल्या जातात आणि नवशिक्याच्या बहुतेक अडचणींचे मूळ याच समजुतीत असते. मूर्ती पूर्ण झाल्यावर साच्याचा विचार सुरू केला, तर तोवर कोपर आणि धड यांच्यामध्ये रबर अडकेल अशी फट तयार झालेली असते, संगीन इतकी बारीक झालेली असते की धातू तिच्या टोकापर्यंत पोहोचत नाही आणि पाठीवरची पिशवी अशा जागी बसलेली असते की तिच्या खालची घडी कोणत्याही साच्यातून सुटत नाही. म्हणून पहिली तार वाकवण्याआधीच तीन प्रश्नांची उत्तरे ठरलेली असावीत: साचा कोणत्या रेषेवर उघडणार, धातू कुठून आत येणार आणि आतली हवा कुठून बाहेर पडणार. पुढील विवेचनासाठी नेपोलियनच्या काळातील फ्रेंच पायदळाचा सैनिक हे उदाहरण घेतले आहे. रोमन सैनिक किंवा मध्ययुगीन धनुर्धर घडवायचा असला, तरी कामाचा क्रम हाच राहतो.

आकार आणि मोजमाप

प्रदर्शनासाठीच्या लघुमूर्तींमध्ये ५४ मिलिमीटर हा आकार सर्वांत रुळलेला आहे. विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने १८९३ मध्ये पोकळ ओतीव शिशाचे सैनिक बाजारात आणले आणि त्यांच्या लोकप्रियतेमुळे हा आकार प्रमाण ठरला. त्याचे गुणोत्तर साधारण १:३२ येते. पटावरच्या युद्धखेळांसाठी २८ मिलिमीटरच्या मूर्ती वापरतात, तर ७५, ९० आणि १२० मिलिमीटरच्या मूर्ती प्रामुख्याने रंगकाम आणि प्रदर्शन यांसाठी असतात. पहिल्या मूर्तीसाठी ५४ किंवा ७५ मिलिमीटर निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. २८ मिलिमीटरमध्ये चेहरा जेमतेम चार मिलिमीटरचा होतो आणि हाताला सवय होण्याआधीच डोळे थकतात. १२० मिलिमीटरमध्ये शरीररचनेतील प्रत्येक चूक उघडी पडते आणि ओतकामही अवघड होते.

प्रत्यक्षातील एक सेंटीमीटर म्हणजे १:३२ मध्ये ०.३१ मिलिमीटर. फ्रेंच पायदळाची १७७७ च्या नमुन्याची बंदूक सुमारे १.५२ मीटर लांब होती, म्हणजे मूर्तीत ती ४७.५ मिलिमीटर येते. १६५ सेंटीमीटर उंचीचा सैनिक धरला, तर टोपीशिवाय त्याची मूर्ती ५१.५ मिलिमीटरची होते आणि दस्ता जमिनीवर टेकवलेल्या बंदुकीचे तोंड त्याच्या नाकाच्या उंचीवर येते. हे एवढे एक प्रमाण चुकले, तरी जाणकार पाहणाऱ्याला मूर्ती खोटी वाटू लागते, कारण त्या काळातील पायदळाचा सारा आब त्या लांब बंदुकीत आहे. उंची मोजताना ती टाचेपासून डोळ्यांपर्यंत की डोक्याच्या माथ्यापर्यंत हेही आधी ठरवून घ्यावे, कारण निरनिराळे निर्माते निरनिराळी पद्धत वापरतात आणि एकाच आकाराच्या म्हणवल्या जाणाऱ्या मूर्ती शेजारी ठेवल्यावर लहानमोठ्या दिसतात.

मूर्तीच्या प्रत्यक्ष आकाराचे समोरून आणि बाजूने असे दोन आराखडे कागदावर काढावेत. संपूर्ण उंची साडेसात डोक्यांची धरल्यास ५४ मिलिमीटरच्या मूर्तीचे डोके ७.२ मिलिमीटरचे होते. जांघ साधारण उंचीच्या मध्यावर येते, हात खाली सोडला की कोपर कमरेच्या रेषेत येते आणि तळपाय सुमारे ८ मिलिमीटर लांब असतो. याच आराखड्यावर लाल पेन्सिलीने साच्याची जोडरेषा काढावी. ती पायांच्या बाहेरच्या कडेने, कोटाच्या बाजूच्या शिवणीवरून आणि दंडाच्या बाहेरून वर जात टोपीच्या दोन्ही बाजूंनी फिरते. या रेषेपासून पुढे किंवा मागे जाताना आकार निमुळता होत गेला पाहिजे. जिथे तो पुन्हा आत वळतो तिथे खाच तयार होते आणि साचा अडकतो. अशा प्रत्येक जागेवर खूण करावी आणि तिथे खाच भरून काढायची की तो भाग सुटा ओतायचा, हे त्याच कागदावर लिहून ठेवावे.

गणवेशाचा अभ्यास

लघुशिल्पातील ऐतिहासिक अचूकता ही नियमपुस्तिका वाचून संपत नाही. फ्रेंच सैन्यात जानेवारी १८१२ मध्ये नव्या गणवेशाचा आदेश निघाला, त्यात लांब शेपटांच्या कोटाऐवजी समोरून कमरेपर्यंत बंद होणारा आखूड कोट ठरवण्यात आला. परंतु त्याच वर्षी रशियाच्या मोहिमेवर गेलेल्या बहुसंख्य पायदळाच्या अंगावर जुनाच कोट होता आणि नवा गणवेश प्रत्यक्षात मुख्यतः पुढच्या वर्षी दिसू लागला. म्हणून १८१२ चा सैनिक घडवताना नव्या आदेशाचे चित्र समोर ठेवले, तर तपशील बरोबर असूनही मूर्ती चुकते. मूर्तीचे वर्ष, मोहीम आणि शक्य असल्यास पलटण ठरवूनच संदर्भ गोळा करावेत.

संदर्भांचीही एक उतरंड असते. प्रत्यक्ष जतन झालेले कपडे आणि शस्त्रे सर्वांत वर. पॅरिसच्या लेझ अँव्हालिद येथील सेना संग्रहालयासारख्या संग्रहांतील वस्तूंची छायाचित्रे शिवण, बटणांची जागा आणि चामड्याच्या पट्ट्यांची रुंदी दाखवतात. त्याखालोखाल त्या मोहिमेत हजर असलेल्यांची चित्रे. आल्ब्रेख्ट आडाम आणि फाबेर द्यू फोर हे दोघेही १८१२ मध्ये सैन्याबरोबर रशियात होते आणि मळलेले, ठिगळे लावलेले, वाटेत मिळेल ते अंगावर घेतलेले सैनिक त्यांच्या चित्रांत दिसतात. मेसोनिए आणि देताय यांची चित्रे कितीही देखणी असली, तरी दोघेही नंतरच्या पिढीतले. त्यांच्याकडून उभे राहण्याची ढब आणि अंगातला जोम घ्यावा, बटणांची संख्या घेऊ नये.

प्राचीन काळाच्या बाबतीत ही सावधगिरी आणखी महत्त्वाची ठरते. रोममधील ट्राजनच्या स्तंभावर इसवी सन ११३ च्या सुमाराचे पट्टीचिलखत घातलेले सैनिक कोरलेले आहेत, पण ते चिलखत आतून कसे जोडलेले असे, हे १९६४ मध्ये इंग्लंडमधील कॉर्ब्रिज येथे सापडलेल्या चिलखतांच्या भागांमुळेच नीट समजू शकले. दगडात कोरणाऱ्या कारागिरानेही आपल्या सोयीसाठी आकार सोपे केले होते, याचे भान ठेवावे.

सांगाडा

५४ मिलिमीटरसाठी ०.८ ते १ मिलिमीटर जाडीची पितळी किंवा तांब्याची तार पुरते. दोन्ही पाय आणि पाठीचा कणा एका तारेत घ्यावेत, खांद्यांसाठी दुसरी आडवी तार गुंडाळून ती डाखाने किंवा सायनोअक्रिलेट या झटपट चिकटणाऱ्या गोंदाने पक्की करावी. तार आराखड्यावर ठेवूनच प्रत्येक सांध्यावर पकडीने वाकवावी. गुडघा, कंबर आणि खांदा यांच्या जागा तारेत चुकल्या, तर पुढे कितीही पुटी (मळून लावायचा, नंतर घट्ट होणारा लगदा) चढवली तरी त्या सुधारत नाहीत. पायाखाली दोन सेंटीमीटर तार जास्त ठेवून ती लाकडाच्या ठोकळ्यात रोवावी, म्हणजे काम करताना मूर्तीला बोट लावावे लागत नाही.

उभे राहण्याची ढब आता ठरते. शरीराचा भार एका पायावर असेल, तर त्या बाजूचे नितंब वर जाते आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. एवढे केले की निश्चल मूर्तीतही जीव दिसतो. ही ढब तारेतच यावी लागते. त्याच वेळी जोडरेषेचाही विचार करावा. दोन्ही पाय, धड आणि निदान एक हात साधारण एकाच प्रतलात राहतील अशी मांडणी ओतण्यास सोपी जाते. बंदूक छातीवर आडवी धरलेला सैनिक करायचा असेल, तर दोन्ही हात बंदुकीसह वेगळे ओतावेत. बंदूक डाव्या खांद्याला टेकवून चालणारा सैनिक असेल, तर डावा हात आणि बंदूक मिळून एक भाग होतो आणि उरलेली मूर्ती एकाच साच्यातून अखंड निघते. पहिल्या प्रयत्नासाठी मी दुसरी मांडणी सुचवेन.

पुटी आणि तिचे स्वभाव

लघुशिल्पांसाठी दोन भागांची इपॉक्सी पुटी सर्वाधिक वापरली जाते. निळ्या आणि पिवळ्या पट्ट्यांची, मळल्यावर हिरवी होणारी पुटी चिवट आणि किंचित लवचीक राहते. ती कपड्यांच्या घड्या, चेहरा आणि केस यांसाठी उत्तम, मात्र ती कानशीने नीट घासली जात नाही. मिलिपुटसारखी पुटी कडक होते, घासता आणि कोरता येते, त्यामुळे शस्त्रे, पेट्या आणि टोकदार कडा यांसाठी ती बरी. दोन्ही मळून एकत्र केल्यास मधला गुण मिळतो आणि अनेक शिल्पकार शेवटी याच मिश्रणावर स्थिरावतात. हिरव्या पुटीत पिवळा भाग वाढवला की ती मऊ आणि चिकट होते, निळा वाढवला की अधिक कडक होते आणि कड धरून ठेवते. पट्टीच्या रूपात आलेल्या पुटीत दोन रंग जिथे एकमेकांना लागलेले असतात, ती मधली रेघ आधीच थोडी घट्ट झालेली असते. ती कापून टाकावी, नाहीतर गुळगुळीत गालावर नेमका तिथलाच कण वर येतो.

भाजून कडक होणारी पॉलिमर माती हाही पर्याय आहे. ती भाजेपर्यंत मऊ राहते, त्यामुळे घाई नसते. पण तिचे बारीक भाग ठिसूळ असतात आणि साचा उघडताना मोडण्याची भीती असते. म्हणून ७५ मिलिमीटरच्या वरच्या मूर्तींसाठीच ती विचारात घ्यावी.

हिरवी पुटी मळल्यापासून साधारण तासभर ते दीड तास काम करू देते आणि पूर्ण घट्ट होण्यास जवळजवळ एक दिवस घेते. पहिली दहा-पंधरा मिनिटे ती फार चिकटते, तेव्हा तिच्याकडून फक्त ढोबळ आकार घ्यावा. बारीक कड शेवटच्या अर्ध्या तासातच उठते. हत्यार सतत पाण्याने ओले ठेवावे, म्हणजे पुटी त्याला चिकटत नाही. हत्यारेही फार लागत नाहीत: एक बोथट सुरी, एक गोल टोकाची सळई, एक सुई आणि टोक घासून निमुळते केलेले रबरी टोकाचे साधन एवढ्यात संपूर्ण मूर्ती होते. हातमोजे घालावेत, कारण कच्च्या इपॉक्सीमुळे काहींच्या त्वचेला कायमची ॲलर्जी जडते.

शरीर, मग चेहरा, मग कपडे

पहिला थर मुद्दाम पातळ असावा. तारेवर पुटीचा पातळ गाभा चढवून तो पूर्ण घट्ट होऊ द्यावा, कारण ओल्या पुटीखाली तार फिरत राहिली तर वरचे काम निष्फळ होते. त्यानंतर छाती, पोट, मांड्या आणि पोटऱ्या यांचे आकार द्यावेत, पण ते अंतिम मापापेक्षा बारीक ठेवावेत. कपड्यांना जागा हवी असते. उघड्या शरीरालाच पूर्ण ५४ मिलिमीटरच्या माणसाची जाडी दिली, तर कोट चढवल्यावर तो सैनिक फुगलेला दिसतो. लघुशिल्पांतील हा सर्वांत सामान्य दोष आहे.

चेहऱ्यासाठी स्वतंत्र तारेवर डोके करावे आणि ते नंतर धडावर बसवावे. डोळ्यांची रेषा डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असते, हे वाचून सर्वांना माहीत असते, तरीही हात डोळे वरच काढतो. आधी गोलसर अंडाकृती, मग डोळ्यांच्या खोबण्यांसाठी गोल सळईने दोन दाब, मग नाकासाठी वेगळा इवला तुकडा आणि त्यानंतर गालाची हाडे, असा क्रम ठेवावा. डोळा कोरण्यासाठी खोबणीत पुटीचा सूक्ष्म गोळा बसवून तो घट्ट होऊ द्यावा आणि दुसऱ्या दिवशी वरची पापणी बारीक दोऱ्यासारखी वरून लावावी. ५४ मिलिमीटरमध्ये खालची पापणी बहुधा सुचवणे पुरे असते. कान शेवटी लावावेत आणि कानामागची खाच भरून टाकावी, कारण तिथे साचा हमखास धरतो.

कपड्यांच्या घड्या मनाने काढू नयेत. कापड जिथे ताणले जाते तिथून घड्या निघतात आणि जिथे त्याला विसावा मिळतो तिथे त्या संपतात. काख, कोपराची आतली बाजू, जांघ आणि गुडघ्याची मागची बाजू ही ताणाची मुख्य ठिकाणे. जाड लोकरी कोटाच्या घड्या मोठ्या, गोलसर आणि संख्येने कमी असतात, तर सुती विजारीच्या घड्या बारीक आणि तीक्ष्ण असतात. हा फरक दाखवला की रंग न लावताही कापड ओळखू येते. तशाच कपड्यात एखाद्या माणसाला तशाच ढबीत उभे करून पाहणे हा सर्वांत विश्वासू संदर्भ आहे.

येथे प्रमाणाचा एक कठीण प्रश्न येतो. तीन मिलिमीटर जाडीचे खरे कापड १:३२ मध्ये दहाव्या हिश्श्याच्या मिलिमीटरइतके पातळ होते. इतकी कड साच्यात टिकत नाही आणि रंगाच्या थराखाली नाहीशी होते. म्हणून कोटाच्या कडा, कॉलर आणि बाह्यांचे पट्टे खऱ्यापेक्षा दुप्पट-तिप्पट जाड करावेच लागतात. शस्त्रांच्या बाबतीत मात्र ही सवलत जपून घ्यावी. बंदुकीच्या नळीचा खरा व्यास या प्रमाणात मुळाशी जेमतेम एक मिलिमीटर आणि तोंडाशी त्याहून कमी येतो. धातू नीट भरावा म्हणून सर्वत्र एक मिलिमीटर ठेवला, तर डोळ्याला खटकत नाही, पण दीड मिलिमीटर केला की सैनिकाच्या खांद्यावर पाइप ठेवल्यासारखा दिसतो. संगीन ओतण्याचा हट्ट धरू नये. पातळ केलेल्या पोलादी तारेची संगीन ओतीव बंदुकीच्या टोकाला नंतर बसवणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

छातीवरचे चामड्याचे दोन तिरके पट्टे प्रत्यक्षात सहा-सात सेंटीमीटर रुंद होते, म्हणजे मूर्तीत दोन मिलिमीटर. त्यासाठी पुटीला शंखजिरे लावून ती काचेवर पातळ लाटावी, अर्धवट घट्ट झाली की धारदार पात्याने पट्ट्या कापाव्यात आणि अंगावर ताणून बसवाव्यात. पट्ट्याच्या खाली कापड दबलेले आणि दोन्ही बाजूंना किंचित फुगलेले दाखवले, की पट्ट्याला वजन येते. बटणांसाठी पोकळ सुईचे टोक चपटे घासून घ्यावे आणि त्याने पातळ लाटलेल्या पुटीतून चकत्या पाडाव्यात. काडतुसांची पेटी, पाठीवरची चामडी पिशवी आणि तलवारीचे म्यान सुटे करावे. पिशवीला पाठीच्या बाजूने एक आणि मूर्तीच्या पाठीवर तिच्याशी जुळणारी दुसरी अशी सपाट जागा ठेवावी, म्हणजे ओतल्यानंतर ती जागेवर अचूक बसते.

साचा

धातू ओतण्यासाठी उष्णता सोसणारे, कथिलाच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारे सिलिकॉन रबर घ्यावे. प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारे रबर कमी आकसते, पण गंधकयुक्त तेलमाती किंवा पूर्ण न सुकलेली इपॉक्सी यांच्या संपर्कात ते चिकटच राहू शकते, म्हणून पहिल्या साच्यासाठी ते टाळावे.

गंधक नसलेल्या तेलमातीच्या थरात मूर्ती आडवी ठेवून ती नेमकी जोडरेषेपर्यंत माती भरावी. या कामाला जितका वेळ द्यावा तितका थोडाच. माती मूर्तीला जिथे टेकते तिथली कड सुरीने काटकोनात आणि स्वच्छ केली, तर ओतीव नगावर केसाएवढी रेघ येते. ती ढिसाळ ठेवली, तर प्रत्येक नगावर तितकेच तास कानस चालवावी लागते. चेहऱ्यावरून, पट्ट्यांवरून किंवा बटणांच्या ओळीवरून जोडरेषा कधीही नेऊ नये. मातीत गोल टोकाने खड्डे पाडावेत, म्हणजे साच्याचे दोन भाग एकमेकांत अचूक बसतात. मूर्तीच्या भोवती सर्व बाजूंनी निदान एक सेंटीमीटर जागा सोडून पेटी बांधावी.

रबर वजन करूनच मिसळावे. आधी त्याचा पातळ थर कुंचल्याने सर्व खाचांत भरावा, मग उरलेले रबर उंचावरून बारीक धारेने पेटीच्या एका कोपऱ्यात सोडावे, म्हणजे ते स्वतःहून पसरत मूर्तीवर चढते आणि हवेचे बुडबुडे मागे राहत नाहीत. पहिला भाग घट्ट झाल्यावर पेटी उलटी करून माती काढावी, मूर्ती मात्र रबरातून हलवू नये. उघड्या रबरावर व्हॅसलिनचा अतिशय पातळ हात फिरवावा, कारण सिलिकॉन दुसऱ्या कशाला चिकटत नसले तरी सिलिकॉनला घट्ट चिकटते. नंतर दुसरा भाग ओतावा.

ओतमार्ग तळव्यांच्या बाजूने असावा. साच्यात मूर्ती डोके खाली करून उभी राहते, त्यामुळे वरच्या धातूचे वजन चेहऱ्यावर आणि टोपीवर दाब देते व तिथला तपशील चांगला उठतो. ओतमार्गाला वर रुंद नरसाळे आणि त्याखाली सहा-सात मिलिमीटरची वाट असावी. हवा दोन प्रकारच्या जागी अडकते: साच्यात सर्वांत खाली असलेल्या बंद टोकांत, म्हणजे तुऱ्यात आणि बंदुकीच्या तोंडाशी, आणि उलट्या मूर्तीत वर तोंड करून राहणाऱ्या कोपऱ्यांत, म्हणजे कोटाच्या शेपटांत आणि म्यानाच्या टोकाशी. या प्रत्येक जागेपासून रबरात पात्याने बारीक खाच पाडून ती साच्याच्या बाहेर न्यावी. मूर्तीजवळ ती केसाएवढी आणि बाहेर जाताना रुंद असावी.

हे रबर घट्ट होताना त्यातून अल्कोहोल सुटते. ते पूर्ण निघून जाईपर्यंत, म्हणजे काही दिवस, साचा उघडा ठेवावा. घाईने गरम धातू ओतल्यास रबर आतून मऊ पडते आणि साच्याचे आयुष्य संपते.

धातू

शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे ३२७ अंशांना. ६२ टक्के कथील आणि ३८ टक्के शिसे यांचे मिश्रण १८३ अंशांनाच वितळते आणि सुरेख वाहते. तरीही घरगुती कामासाठी बिनशिशाची मिश्रधातू घ्यावी, असा माझा आग्रह आहे. सुमारे ९२ टक्के कथील, उरलेले बहुतांश अँटिमनी आणि थोडे तांबे अशी मिश्रधातू २४५ अंशांच्या आसपास वितळते, कडक असते आणि बारीक तपशील उचलते. कथील आणि बिस्मथ यांचे १३८ अंशांना वितळणारे मिश्रण साच्याला सौम्य असते, पण त्याचे बारीक भाग ठिसूळ होतात. सैनिकाचा घोटा त्यात सहज मोडतो. जस्त मात्र कणभरही मिसळू देऊ नये. त्यामुळे वितळलेल्या धातूवर जाड साय धरते आणि तो वाहत नाही.

सुरक्षिततेबाबत तडजोड करू नये. वितळलेल्या धातूत पाण्याचा एक थेंब पडला, तरी त्याची क्षणात वाफ होऊन धातू उडतो. साचा, पळी आणि धातूच्या विटा पूर्ण कोरड्या असाव्यात. डोळ्यांवर चष्मा, हातात चामड्याचे मोजे, पायात बंद बूट आणि अंगावर सुती कपडे असावेत. जुन्या शिशाच्या मूर्ती वितळवणार असाल, तर खेळती हवा ठेवावी, पृष्ठभागावरची मळी आणि घासल्यावर पडणारी पूड हीच खरी धोकादायक असते हे लक्षात घ्यावे, काम संपताच हात धुवावेत आणि स्वयंपाकाचे कोणतेही भांडे त्यासाठी वापरू नये.

धातू वितळण्याच्या अंशापेक्षा ४० ते ६० अंश अधिक तापवावा. तापमापक नसल्यास कोरडी लाकडी काडी बुडवून पाहावी: ती हळूहळू तपकिरी झाली तर तापमान योग्य, लगेच काळी पडून धूर आला तर अधिक. साच्याच्या आत शंखजिऱ्याची पातळ पूड फुंकरून लावावी, ती धातूला वाहायला मदत करते आणि हवेलाही वाट देते. साच्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या लावून तो सारखा आवळावा. जास्त आवळल्यास रबर दबून मूर्ती चपटी होते. मळी बाजूला सारून एका अखंड धारेने नरसाळे भरेपर्यंत धातू ओतावा आणि लगेच साचा दोन-तीनदा हलके ठोकावा. सिलिकॉन उष्णता धरून ठेवते, म्हणून नरसाळ्यातला धातू थिजलेला दिसला तरी काही मिनिटे थांबूनच साचा उघडावा.

सुरुवातीचे काही नग अपुरे येतील, कारण साचा थंड असतो. ते परत वितळवावेत. साचा तापल्यावरही बंदुकीचे तोंड अपुरे राहिले, तर हवामार्ग रुंद करावा. अंगावर सुरकुत्यांसारख्या रेषा आल्या, तर धातू किंवा साचा थंड आहे. पृष्ठभाग मळकट, दाणेदार आला, तर धातू जास्त तापला आहे. जोडरेषेवर रुंद पापुद्रा आला, तर आवळणे कमी पडले आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही.

ज्यांना शेकडो नग हवे असतात ते फिरत्या यंत्रावर चकतीच्या आकाराच्या रबरी साच्यांत ओततात, त्यात केंद्रापासून बाहेर फेकला जाणारा धातू बारीक भागांतही शिरतो. हे रबर सुमारे १५० अंशांना प्रचंड दाबाखाली पक्के केले जाते आणि त्यात पुटीचे मूळ शिल्प मोडू शकते. त्यामुळे आधी सिलिकॉनच्या साच्यातून धातूचे काही निर्दोष नग काढून त्यांवरून हा साचा करतात. ओतीव नगावरून नवा साचा करण्याच्या अशा प्रत्येक पिढीत मूर्ती किंचित आकसते. म्हणून धड, हात, बंदूक आणि पिशवी हे सर्व भाग एकाच पिढीचे असावेत; धड दुसऱ्या पिढीचे आणि हात पहिल्या पिढीचा असेल, तर खांद्याचा सांधा जुळत नाही.

जुळणी

ओतमार्ग बारीक करवतीने कापावा, जोडरेषा आधी पात्याने खरवडावी आणि मग बारीक कानशीने संपवावी. कापडाच्या घडीवरची रेघ घडीच्या दिशेनेच काढावी, आडवी कानस चालवल्यास घडी सपाट होते. हात आणि डोके बसवताना दोन्ही बाजूंना अर्ध्या मिलिमीटरचे छिद्र पाडून तारेची खुंटी घालावी आणि दोन भागांच्या इपॉक्सी गोंदाने जोडावे. नुसत्या सायनोअक्रिलेटचा सांधा धक्क्याने सुटतो. उरलेली फट पुटीने भरून ती घट्ट झाल्यावर मूर्ती साबणाच्या पाण्याने धुवावी, म्हणजे शंखजिरे आणि बोटांचे तेल निघून प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, नीट धरतो.

सर्वांत चांगला आलेला पहिला नग रंगवू नये. तो तसाच, सर्व सुट्या भागांसह, डबीत ठेवावा, कारण सिलिकॉनचा साचा काही डझन ओतींनंतर बारीक जागी फाटू लागतो आणि तोवर पुटीचे मूळ शिल्प बहुधा तुटलेले असते. साच्याचे दोन्ही भाग शंखजिरे लावून, एकमेकांत बसवून, सपाट जागी आडवे ठेवावेत आणि त्यावर मूर्तीचे नाव, मिश्रधातू आणि ज्या तापमानाला चांगले नग आले ते तापमान लिहून ठेवावे.